सदऱ्यावरचे नाव : घरातून पळालेल्या मुलांच्या इतिहासाची काही पाने

मागे एकदा आमच्या अकरावीच्या वर्गातला एक मुलगा सलग तीन आठवडे आला नाही. पालकांना पत्र गेले, तेव्हा वडील येऊन खाली मान घालून सांगून गेले की तो घर सोडून गेला आहे आणि ही त्याची दुसरी खेप आहे. स्टाफरूममध्ये त्यावर जे बोलणे झाले ते नेहमीचेच : हल्लीची मुले, घरचे वळण, हातातला मोबाइल. पटावरून नाव आताच कमी करायचे की महिनाअखेरपर्यंत थांबायचे, एवढाच काय तो प्रश्न उरला होता. योगायोग असा की त्याच आठवड्यात आम्ही वर्गात पंडित भीमसेन जोशी यांच्याविषयी बोलत होतो. अकरा वर्षांचे पोर गुरूच्या शोधात घरातून निघते, विनातिकीट गाडीत बसते, ही हकिकत रंगवून सांगत होतो. तास संपल्यावर पुढच्या बाकावरील एक मुलगी आली आणि तिने अगदी साधेपणाने विचारले, "सर, मग त्याचं नाव का काढताय?"

तिला त्या वेळी आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते काय होते हे इथे सांगण्यासारखे नाही. पण प्रश्न मनात राहिला, आणि त्या निमित्ताने आपल्याकडील पळून गेलेल्या, शाळा बुडवणाऱ्या मुलांच्या हकिकती आम्ही पुन्हा वाचू लागलो. त्यांतील काही वाचकांच्या परिचयाच्याच आहेत. त्या वाचताना आम्ही मुलापेक्षा त्याच्या आसपासच्या मोठ्या माणसांकडे पाहिले. तो पळाला तेव्हा कुणी काय केले? त्याला कुठे ठाव मिळाला, आणि तो ठाव त्यालाच का मिळाला?

आरंभ शब्दांपासून करू. मराठीत शाळा 'बुडवतात'. कर्ज बुडवतात, कर बुडवतात, तशी शाळा. म्हणजे मुलगा शाळेचे काही देणे लागतो आणि ते तो फेडत नाही, अशी समजूत या क्रियापदात दडलेली आहे. 'दांडी मारणे' त्या मानाने निरागस. त्यात खोडी आहे, देणेकऱ्याचा अपराध नाही. 'उनाड' हा शब्द मात्र मुलावर एकदा चिकटला की निघत नाही. आणि 'उचलबांगडी'! आज एखाद्या अधिकाऱ्याची बदली झाली की वर्तमानपत्रे हा शब्द वापरतात. पण तो शाळेच्या ओसरीवरचा आहे. पंतोजींच्या गावठी शाळेत एखादे पोर आले नाही की चार दांडगी मुले त्याच्या घरी पाठवली जात आणि ती त्याला हातपाय धरून, लोंबकळत, साऱ्या गावादेखत शाळेत आणून टाकीत. शाळा बुडवणाऱ्या मुलाला मदत करण्याची आपल्याकडील सर्वांत जुनी पद्धत ती हीच. पंतोजींना आपण मदत करतो आहोत याविषयी तिळमात्र शंका नसे.

पण त्या काळी हा प्रसंग मूठभर घरांपुरता होता हेही विसरून चालणार नाही. गावातील बहुतेक मुले शाळेच्या पायरीवर चढलीच नव्हती, तर ती गैरहजर कशी ठरणार? गैरहजेरी ही सक्तीच्या शिक्षणाची निर्मिती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि ते पुढल्या वर्षी फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीरावांनी त्याआधीच, १९०६ मध्ये, राज्यभर सक्ती केली होती; कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये केली. कोल्हापूरच्या आदेशातील एक तपशील आम्हांला फार बोलका वाटतो : मूल शाळेत पाठवले नाही तर दरमहा एक रुपया दंड होता, आणि तो पालकाला होता. मुलाची उचलबांगडी त्यात नव्हती. महाराजांना ठाऊक होते की खेड्यातले मूल शाळेत येत नाही ते बहुधा गुरांमागे असते, आणि गुरांमागे ते आपल्या मर्जीने गेलेले नसते.

शाळेचे हे झाले. घर सोडण्याची कथा निराळी आहे, आणि अधिक जुनी. आपल्या परंपरेत घर सोडणाऱ्याला मान आहे. बोहल्यावरून निघून गेलेल्या बारा वर्षांच्या नारायणाची गोष्ट महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाने ऐकलेली असते; 'सावधान' हा शब्द ऐकून तो सावध झाला आणि पुढे समर्थ झाला. इतिहास म्हणून ती कथा कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न. कथा म्हणून तिने पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट शिकवली : निघून गेलेला मुलगा मोठा होऊन परतला तर त्याचे निघून जाणे पवित्र ठरते. तो मोठा होऊन परतला नाही तर? त्याविषयी परंपरा काही बोलत नाही. त्या मांडवात मागे उरलेल्या मुलीविषयीही ती बोलत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

समर्थांची कथा बाजूला ठेवून आपण जरा खात्रीच्या जमिनीवर येऊ. नारायण वामन टिळक १८६१ चे. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या प्रत्येकाला टिळकांचे न सांगता घरातून नाहीसे होणे माहीत आहे. लक्ष्मीबाईंनी ते इतक्या हसत्या लेखणीने लिहिले आहे की त्यामागचा त्रास वाचकाला उशिरा जाणवतो. पण ही सवय लग्नानंतरची नव्हे. आई गेली तेव्हा टिळक अकरा-बारा वर्षांचे होते. वडील कमालीचे तापट. मुलाने घर सोडले आणि तो नाशिकला पोचला. तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याला संस्कृत शिकायला मिळाले, तेही फुकट. पुढचा कवी, पुढचा वक्ता घडला तो या पळून येण्यातून, असे चरित्रकार सांगतात, आणि ते खरेही आहे.

आम्हांला इथे थांबावेसे वाटते ते वेगळ्या कारणासाठी. खिशात दमडी नसलेले एक पोर परक्या गावात येते आणि उपाशी मरत नाही, हे कसे? तर एकोणिसाव्या शतकातील नाशिक, वाई, पुणे अशा गावांत पळून आलेल्या मुलासाठी जणू एक व्यवस्थाच तयार होती. माधुकरी मागता येई. वार लावून जेवता येई : सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. शास्त्रीबुवांच्या ओसरीवर पथारी टाकता येई. मुलगा कुठून आला, का आला, घरी विचारून आला की न विचारता, ही चौकशी कुणी फार करीत नसे. विद्यार्थी म्हटला की पुरे. गावाने त्याला धरून परत पाठवले नाही, शिक्षाही केली नाही. सात घरांनी मिळून त्याचा आठवडा सांभाळला. दुसऱ्याच्या घरी पानावर बसताना मुलाला किती अपमान गिळावे लागत हे अनेकांनी लिहून ठेवले आहे, त्यामुळे या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची इच्छा नाही. पण मदत म्हणून ती विलक्षण परिणामकारक होती. तिला एकच अट होती, आणि ती कुणी मोठ्याने उच्चारीत नसे. मुलगा ब्राह्मण असला पाहिजे.

ही अट दिसावी म्हणून साताऱ्याला जायला हवे. विसावे शतक नुकतेच उजाडत होते. सुभेदार रामजी सकपाळांचा धाकटा मुलगा भीम तिथल्या शाळेत होता. आई गेलेली, सांभाळ आत्या मीराबाईंनी केलेला. वडिलांनी दुसरे लग्न केले आणि आपल्या आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून मुलाचे मन घरातून उठले. त्याने ठरवले की आता वडिलांच्या जिवावर राहायचे नाही, मुंबईला जायचे आणि गिरणीत काम धरायचे. साताऱ्याची काही मुले तशी गेल्याचे त्याने ऐकले होते. अडचण गाडीभाड्याची. आत्याच्या कमरेला पैशांची पिशवी असे. रात्री ती झोपली की पिशवी काढायची असा बेत त्याने केला. तीन रात्री जमले नाही. चौथ्या वेळी पिशवी हाती आली आणि तीत निघाला अर्धा आणा. धनंजय कीरांच्या चरित्रात ही हकिकत आली आहे. अर्ध्या आण्यात मुंबई गाठता येत नव्हती. मुलगा शरमला, राहिला, आणि अभ्यासाला लागला.

ही कथा सांगताना तिचा शेवट बोधकथेसारखा सांगण्याची रीत पडली आहे. आम्ही तिच्याकडे थोडे निराळ्या नजरेने पाहतो. टिळकांना पळून जायला नाशिक होते. साताऱ्याच्या या मुलाला कुठे जाता आले असते? वार लावायला त्याच्यासाठी सात घरे नव्हती, एकही नव्हते. ज्या शाळेत तो होता तिथे वर्गात त्याला वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे. म्हणून त्याच्या स्वप्नात गुरुगृह येत नाही, गिरणी येते. त्या गिरणीतही साळखात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणजे पळून जाण्याची स्वप्ने देखील जातीने वाटून दिलेली होती. आत्याच्या पिशवीत दीड-दोन रुपये असते तर पुढे काय झाले असते, हा विचार करून पाहावा. आपल्या देशाच्या घटनेचा इतिहास एका रात्री अर्ध्या आण्यावर तोलला गेला होता, असे म्हणताना आम्हांला अतिशयोक्तीची भीती वाटत नाही.

आणि मदत? ती आली, पण मुंबईत, काही वर्षांनी. कुटुंब मुंबईस आल्यावर हा मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाई आणि शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसे. त्याच बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. ते विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मुलगा त्यांच्या शाळेचा नाही, त्यांच्या हजेरीपटावर नाही, त्याच्याशी त्यांचे काहीच देणेघेणे नाही. त्यांनी त्याची विचारपूस केली, मग पुस्तके द्यायला सुरुवात केली. मॅट्रिक झाल्यावर सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द टाकला. घरात दाटीवाटी म्हणून बागेत बसलेल्या मुलाला 'इथे काय करतोस' असे हटकण्याऐवजी 'काय वाचतोस' असे विचारणारा मास्तर त्याला भेटला.

मुलींचे काय, असा प्रश्न वाचकांच्या, विशेषतः वाचिकांच्या, मनात एव्हाना आला असेल. मुलगा पळून गेला म्हणजे कुठे गेला असे विचारतात. मुलगी पळून गेली म्हणजे कुणाबरोबर असे विचारतात. भाषेने तिच्या पळण्याला दुसरा अर्थच ठेवला नाही. सासरच्या छळातून, वैधव्याच्या जाचातून निघालेल्या मुलींना विहीर किंवा नदी सोडून जाण्यासारखी जागा म्हणजे १८८९ साली रमाबाईंनी काढलेले शारदा सदन आणि १८९६ साली कर्व्यांनी सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम. यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

आता सरकारकडे वळू. वार आणि माधुकरी ज्यांना उघडी नव्हती अशी मुले शहरात येत होती, गोदीत, बाजारात, स्थानकांवर झोपत होती. १८५० च्या एका कायद्याने दहा ते अठरा वयाच्या निराधार किंवा किरकोळ गुन्हे केलेल्या मुलांना कुणा कारागिराकडे उमेदवारीला बांधून देण्याची सोय केली. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची औद्योगिक सुधारशाळा निघाली. १८७६ साली सुधारशाळांचा कायदा आला, १८९७ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. पंधरा वर्षांखालील मुलाला त्यात तीन ते सात वर्षे ठेवता येई. हेतू चांगला होता, पोरांना तुरुंगात पाठवू नये हा. पण सात वर्षे! अकराव्या वर्षी आत गेलेला मुलगा मिसरूड फुटल्यावर बाहेर येणार, सुतारकाम शिकून. आणि तोवर त्याच्या गावी त्याचे नाव कुणाच्या तोंडी राहिलेले नसणार.

मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा. गुन्हा केलेल्या मुलाबरोबर काहीही न केलेल्या, नुसत्या भटकणाऱ्या, निराधार मुलाचाही विचार त्याने केला. शहरात त्याचा अंमल १९२७ मध्ये सुरू झाला, चिल्ड्रन्स एड सोसायटी त्याच वर्षी स्थापन झाली आणि उमरखाडीचे रिमांड होम तिच्या हाती आले. कायद्याच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल. पण मुंबईकरांच्या बोलण्यात 'डोंगरीला टाकीन' ही धमकी होऊन बसली, यातच लोकांनी त्या वास्तूला काय समजून घेतले ते दिसते. निराधार मुलाला आसरा आणि अपराधी मुलाला कोठडी एकाच आवारात दिली की बाहेरच्यांना दोहोंतला फरक कळत नाही. आतल्यांनाही बहुधा कळत नसावा.

कायद्याची भाषा कशी बदलत गेली हे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी जरूर पाहावे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात 'नियंत्रणात न राहणारा' मुलगा असे एक कलम आहे : मूल आम्हांला आवरत नाही अशी तक्रार आई-बापांनी मंडळाकडे करायची. म्हणजे तक्रारदार घर, आरोपी मुलगा. २००० च्या कायद्यात ही विभागणी मोडली. हरवलेले किंवा पळून आलेले, आणि चौकशी करूनही ज्याच्या पालकांचा पत्ता लागत नाही, असे मूल आता 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले' मूल ठरले. २०१५ च्या कायद्यानेही हीच दिशा ठेवली. दरम्यान १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका उपक्रमातून १०९८ ही दूरध्वनी सेवा निघाली, जिच्यात रस्त्यावरचे मूल स्वतः फोन फिरवू शकत होते. ते मोठे वळण होते असे आम्हांला वाटते. उमरखाडीपर्यंतच्या साऱ्या व्यवस्थेत मुलाला कुणीतरी पकडून आणीत असे. इथे ते स्वतः हाक मारू शकत होते. शब्द बदलल्याने मुलांचे हाल संपले असा आमचा दावा नाही. पण 'आवरत नाही' पासून 'काळजी हवी' इथवर यायला कायद्याला दीडशे वर्षे लागली, हे स्टाफरूममधल्या आमच्या गप्पा ऐकताना आठवते. आम्ही बहुतेक जण अजून १९८६ च्या अलीकडे आलेलो नाही.

मुंबईत मुलांचा कायदा झाला त्याच १९२४ साली साताऱ्यात एक वसतिगृह सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः शाळेत रमलेले विद्यार्थी नव्हते. मॅट्रिकचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही. कोल्हापुरात शिकत असता अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले म्हणून शुद्धीची अंघोळ करायला सांगण्यात आली, ती त्यांनी नाकारली आणि त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले. पोराला छपराबाहेर काढणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले आहे अशा माणसाने पुढे छप्पर उभारले. साताऱ्याच्या त्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वतः राबत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ज्या गावातून एका मुलाने आत्याच्या पिशवीला हात घालून पळायचे ठरवले होते, त्याच गावात पाव शतकाने त्याच्यासारख्या मुलाला पळून येता येईल अशी जागा तयार झाली. वार लावण्याची ती जुनी, उच्चार न केलेली अट इथे मोडली. शाळा बुडवणाऱ्या पोरांसाठी महाराष्ट्राने काय केले, असे कुणी विचारले तर आम्ही आधी या वसतिगृहाचे नाव घेऊ, कायद्याचे नंतर.

आणि आता गदग. त्या मुलीच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे, म्हणून जरा सावकाश.

भीमसेन जोशींचा जन्म १९२२ चा. वडील गुरुराज जोशी शाळामास्तर, घर मुलांनी भरलेले, हा थोरला. पोराला गाण्याचे वेड इतके की रस्त्याने भजनी मंडळ जाताना दिसले, वाजंत्री ऐकू आली, की हा त्यांच्या मागे चालू लागे आणि थकून कुठेतरी झोपून जाई. घरी शोधाशोध. पोलिसांत वर्दी. असे एकदा नव्हे, अनेकदा. शेवटी वडिलांनी एक उपाय काढला. मुलाच्या सदऱ्यांवर त्यांनी लिहून टाकले : 'जोशी मास्तरांचा मुलगा'. ज्याला सापडेल तो आणून सोडील.

ही हकिकत सहसा हशा पिकवण्यासाठी सांगतात. आम्हांला तीत एका बापाची मोठी समज दिसते. मास्तर होते, छडी हाताशीच असणार. पोराला खांबाला बांधता आले असते, कोंडून ठेवता आले असते, तसे करणारे बाप तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांनी जणू मान्य केले की हा जाणारच. मग तो गेल्यावर परत कसा येईल एवढेच पाहिले. पुन्हा त्या शब्दांत मुलाचे वर्णन नाही. उनाड, द्वाड, हरवलेला असे काही नाही. तो कुणाचा आहे तेवढे आहे.

१९३३ मध्ये मात्र सदऱ्यावरचे नाव पुरले नाही. निमित्त झाले तुपाचे. जेवताना आणखी चमचाभर तूप मागितले, आईने दिले नाही, मुलगा पानावरून उठला आणि घरातूनच निघाला. घर सोडणाऱ्या मुलाचे 'कारण' शोधणाऱ्यांनी हा चमचा लक्षात ठेवावा. कारण म्हणून जे सांगितले जाते ते नेहमी शेवटचे असते. त्याच्या कितीतरी आधी त्याने अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकलेली होती आणि तसे गाता यावे हे त्याच्या मनाने घेतले होते. त्या ध्वनिमुद्रिकेविषयी आई-वडिलांशी बोलता येत नव्हते. तुपाविषयी भांडता येत होते.

पुढची तीन वर्षे म्हणजे रेल्वेचा नकाशा : विजापूर, पुणे, ग्वाल्हेर, दिल्ली, कोलकाता, जालंधर. विनातिकीट प्रवास, डब्यात गाऊन दाखवणे, तपासनीसाने उतरवून दिले तर पुढची गाडी. या प्रवासात त्याला भेटलेल्या माणसांची यादी केली तर तीत गायनाचा मोठा गुरू जवळजवळ नाहीच. आहेत ते खाऊ घालणारे, जागा देणारे, वाट सांगणारे. ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात शिरकाव झाला तो सरोदिये हाफिज अली खाँ यांच्या मदतीने. कोलकात्यात नट पहाडी सन्याल यांच्याकडे तो घरकामाला राहिला. पुढे सुप्रसिद्ध गायक म्हणून समोर आला तेव्हा सन्यालांना आपल्याकडचा तो पोऱ्या आठवून घ्यावा लागला. जालंधरला ध्रुपदिये मंगतराम यांच्याकडे शिक्षण, आणि तिथेच संगीत संमेलनात विनायकबुवा पटवर्धनांची गाठ. बुवांनी दिलेला सल्ला सर्वश्रुत आहे : इतक्या दूर कशाला आलास, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. किती साधे वाक्य! तीन वर्षे भारतभर फिरलेल्या मुलाला कुणीतरी सांगावे लागले की तू शोधतोस ते गदगजवळच आहे. हेच वडिलांनी सांगितले असते तर त्याने ऐकले असते का, याविषयी आम्हांला दाट शंका आहे. घराकडचा रस्ता परक्याने दाखवला तरच काही मुलांना दिसतो.

जालंधरला वडिलांना त्याचा पत्ता लागला आणि मुलगा घरी आला. यानंतर जे घडले त्यात आमच्या मते गुरुराज जोशी खरे कसाला लागले. पोरगा तीन वर्षांनी सापडलेला. शाळा केव्हाच सुटलेली. सामान्य बापाने त्याला पुन्हा शाळेत अडकवले असते. मास्तरांनी त्याला १९३६ मध्ये सवाई गंधर्वांच्या स्वाधीन केले. ज्या गोष्टीसाठी मुलगा पळाला होता तिच्याच दारात बापाने त्याला स्वतः नेऊन उभे केले. शाळामास्तराने आपल्या मुलाचे शाळेतून गळणे मान्य करणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पंडितजींना २००८ साली भारतरत्न जाहीर झाले तेव्हा सगळ्यांनी रियाज, गुरुसेवा, आवाज यांविषयी लिहिले. मास्तरांविषयी फारसे कुणी लिहिले नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी, नाहीतर आम्हीही बोहल्यावरच्या गोष्टीच्या वाटेने जाऊ. १९३३ साली त्याच गाड्यांतून आणखी कितीतरी पोरे विनातिकीट फिरत होती. त्यांच्या गळ्यात किराणा घराणे नव्हते. डब्यात गाऊन दाखवायला त्यांच्याजवळ काही नव्हते, सदऱ्यावर नाव लिहायला घरी लिहिता येणारे कुणी नव्हते. त्यांतील काही मुंबईस उतरली असतील आणि उमरखाडीला पोचली असतील. आपले वाङ्मय, आपली चरित्रे परतलेल्यांची आहेत, तीही मोठे होऊन परतलेल्यांची. न परतलेल्यांची नोंद कुठे असलीच तर ती रिमांड होमच्या वह्यांत, बहुधा अर्धवट नावानिशी. भीमसेनांची गोष्ट वर्गात सांगताना आम्ही हे कधी सांगितले नव्हते. मुलीने प्रश्न विचारला तो नेमका तिथे.

त्या मुलाचे नाव महिनाअखेरीस कमी झालेच. दिवाळीनंतर तो आपणहून परत आला. वर्गाच्या दारात उभा राहिला, आत येऊ का असेही विचारले नाही. पुन्हा प्रवेश मिळवून द्यायला वडिलांना आणि आम्हांला कार्यालयात चार खेटे घालावे लागले. तो कुठे गेला होता ते त्याने सांगितले नाही. इगतपुरीच्या फलाटावर एका चहावाल्याने दोन दिवस खाऊ घालून घरचा नंबर काढून घेतला, एवढे वडिलांकडून कळले. बुडालेल्या टिपणांची वही त्याला त्याच पुढच्या बाकावरच्या मुलीने दिली.

अजूनही तो मधूनच येत नाही. मग आम्ही वडिलांना फोन करतो, किंवा त्यांचाच येतो. परवा मात्र त्याने स्वतः फोन केला आणि सांगितले की आज येणार नाही.